जुन्या बाजारातून आणलेल्या सिलेंडर हेडला केसासारखी चीर: बसवू की परत करू?

कर्वेनगरकर:
वडिलांची २००४ची मारुती ८०० आहे. मागच्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात कूलंटचा होज फुटला. लक्षात येईपर्यंत दोन-तीन किलोमीटर गाडी तशीच ओढली गेली. हेड (इंजिनवरचं झाकण) इतकं वाकलंय की फेसिंगमध्येही (घासून सपाट करण्यातही) निघणार नाही, असं गॅरेजवाले म्हणाले. म्हणून रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून ३५०० रुपयांना एक हेड आणलं. काल पेट्रोलने कार्बन काढला, तर दोन नंबरच्या सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मध्ये काळी रेघ निघाली. नख फिरवलं तर जेमतेम जाणवते. विकणारा आठ दिवसांत परत घ्यायला तयार आहे. गॅरेजवाले म्हणतात, आर्गॉन वेल्डिंग मारून घेऊ. बाबा ही गाडी विकणार नाहीत, त्यामुळे काम एकदाच आणि नीट करायचंय. काय करू?

भोसरीचा_टर्नर:
वेल्डिंगचं आत्ताच ठरवू नका. चीर खोल किती गेलीय आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटेला लागलीय का, एवढं आधी कळू दे.

दोन सीटमधली जागा हेडमध्ये सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात गरम. गाडी तापली की तिथलं अॅल्युमिनियम फुगायला बघतं, पण आजूबाजूचं थंड हेड त्याला जागा देत नाही. ते तिथेच दाबलं जातं आणि गार होताना ताणून फाटतं. त्यामुळे तापलेल्या गाडीच्या हेडला तिथे रेघ दिसली तर नवल नाही. फोक्सवॅगनच्या काही जुन्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये तर सीटमधली किंवा सीट आणि स्पार्क प्लगच्या मधली ०.३ मिमी रुंदीपर्यंतची चीर चालते असं छापलेलं आहे, फक्त प्लगच्या पहिल्या चार आट्यांच्या पुढे ती गेलेली नको. हा आकडा त्यांच्या हेडचा, तुमच्या हेडला तो तसाच लावू नका. पण चीर दिसली म्हणजे हेड भंगार, असंही नाही.

आधी डीपी (डाय पेनिट्रंट, रंग मुरवून चीर शोधायची टेस्ट) करा. तीन स्प्रेचा सेट मिळतो: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. त्याआधी वायर ब्रश किंवा सँड ब्लास्टिंग अजिबात नको. अॅल्युमिनियम मऊ, ते चिरेच्या तोंडावर सरकतं आणि तोंड बुजतं, मग डाय आत शिरतच नाही. डाय मारून १०-१५ मिनिटं थांबा. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्या, हेडवर मारू नका, नाहीतर चिरेतली डायही धुऊन जाईल. मग डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटेल, तिचं टोक कुठे संपतं ते बघा. कोणी ‘मॅग्नेटने चेक करतो’ म्हणाला तर नको म्हणा, अॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही.

त्यानंतर प्रेशर टेस्ट (पाण्याच्या वाटेत हवा भरून बुडबुडे बघायचे), आणि ती गरम पाण्यातच.

वडगावचा_झेनवाला:
काकांचं शंभर टक्के बरोबर. माझ्या हेडला सीट न काढताच वेल्डिंग केलं गेलं. चारशे किलोमीटर गाडी छान चालली, मग वरंध घाटात एक सीट सुटून पिस्टनवर आली. हेडबरोबर पिस्टनही गेला.

भोसरीचा_टर्नर:
असंच होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने सीटची पकड जाते. करायचंच असेल तर सीट बाहेर काढायच्या, चीर शेवटपर्यंत व्ही आकारात खोदायची, धातूत मुरलेलं तेल घालवायचं, पूर्ण हेड १५०-२०० डिग्रीपर्यंत तापवून मग आर्गॉन. सावकाश गार होऊ द्यायचं. पुढे नवीन सीट, फेसिंग, कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लाइन तपासणी आणि परत प्रेशर टेस्ट. मिळत नसलेल्या हेडसाठी मी हे सगळं आवडीने करतो. ८००चं हेड मिळतं, तिथे पैसे घालू नका.

कर्वेनगरकर:
काका, कालच दोन्ही टेस्ट करून आणल्या. डीपीत सीटमधली रेघ आलीच, शिवाय एक्झॉस्ट सीटच्या मागे आणखी एक दिसली, ती डोळ्यांना दिसलीच नव्हती. मग पाण्याची भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून ३ बार हवा भरली. गार पाण्यात एकही बुडबुडा नाही, मी जवळजवळ खूश होऊन निघालो होतो. पाणी ७० डिग्रीला गेलं आणि दोन नंबरच्या एक्झॉस्ट पोर्टातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग यायला लागले. हेड आजच परत केलं, त्यांनी काही न बोलता घेतलं. बुधवारी दुसरं बघतो, टेस्ट होऊन आल्यावरच पूर्ण पैसे, असं बोलणं झालंय.

भोसरीचा_टर्नर:
छान केलंत. दुसरं घेताना स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) बरोबर न्या. पट्टी हेडवर सहा दिशांनी ठेवून बघा, ०.०५ मिमीचं पान कुठे आत जात असेल तर फेसिंग लागणार. आधीच फार घासलेलं हेड मात्र घेऊ नका, कॉम्प्रेशन वाढतं. कॅम बसवून हाताने फिरवा, अडकला तर हेड वाकलेलं आहे.

आणि बसवायच्या आधी थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, रेडिएटर साफ करून घ्या. बोअरचं पाणी भरू नका, त्याचा क्षार आत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. भरताना हीटर चालू ठेवून हवा पूर्ण काढा. हवा अडकली की नवं हेडही पहिल्याच घाटात तापतं.