मदत हवी आहे: अकाउंट्सच्या नोकरीसाठी अर्ज करतेय, शेकडो बायोडेटांच्या ढिगात माझा कुणाच्या नजरेत कसा भरेल?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची वेळ आज आली. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. बी.कॉम. झाल्यावर तिथल्याच एका सीएंच्या ऑफिसात सहा वर्षं काढली. सुरुवात व्हाउचरवर टिका मारण्यापासून, मग टॅलीतल्या एन्ट्र्या, मग जीएसटी-टीडीएसची (बिल देतानाच कापून सरकारला भरायचा कर) रिटर्नं. शेवटची तीन वर्षं कुपवाड एमआयडीसीतल्या अकरा क्लायंटचं जीएसटी एकटी बघत होते. मार्चमध्ये नवऱ्याची बदली पुण्याला झाली, आता कोथरूडला असतो. एप्रिलपासून अर्ज करतेय. काल वहीत मोजले: ५३ अर्ज, ४ फोन, २ मुलाखती. नोकरी नाहीच.

पहिल्या मुलाखतीत साहेब म्हणाले, "तुमचा अनुभव प्रॅक्टिसचा, म्हणजे सीएंच्या ऑफिसातला आहे, आम्हाला इंडस्ट्रीचा हवा." दुसरीकडे पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं मिस्टर काय करतात, मूलबाळ कधी, सासू-सासरे इथेच राहतात का, यातच गेली. हिशेबाचं एक अक्षर नाही.

पोर्टलवर काही जाहिरातींखाली किती अर्ज आले ते दिसतं. परवा एका जागेला ४१२ होते, त्यात मी ४१३वी. बायोडेटात माझं असं आहे: बी.कॉम. ६४%, एमएस-सीआयटी, टॅली, जीएसटी, टीडीएस, एक्सेल. खाली "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची तयारी". एका मैत्रिणीने निळ्या पट्ट्यांचं, फोटोवालं डिझाइन करून दिलं, त्यानेही काही फरक पडला नाही.

आता कुणी म्हणतं सॅपचा (मोठ्या कंपन्यांतलं हिशेबाचं सॉफ्टवेअर) कोर्स कर, कुणी म्हणतं पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करायचं सॉफ्टवेअर) शीक. फी ऐकून घाम फुटला. खरंच त्याने वेगळं दिसता येतं का? की दुसरं काही चुकतंय?

निवांत_पुणेकर

वाचतोय. पुतण्या याच बोटीत आहे.

फाइलवाली

मी भरती करणाऱ्या एजन्सीत आहे, त्यामुळे पडद्यामागचं सांगते. ४१२ अर्ज कुणी वाचत नाही गं. आम्ही फिल्टर लावतो: शहर, अनुभवाची वर्षं, नोटीस पिरियड, सध्याचा पगार. त्यातून ४०-५० उरतात, ते बघतो. तेव्हा पहिला प्रश्न, तुझ्या प्रोफाइलवर "सध्याचं शहर" काय लिहिलंय?

कृष्णाकाठची

अगं आई गं. सांगली!! मोबाइल नंबर आणि पत्ता बदलला होता, पण ते वर वेगळं असतं ते लक्षातच आलं नाही.

फाइलवाली

झालं. म्हणजे ५३ पैकी निम्म्या ठिकाणी तू स्क्रीनवर आलीच नसशील. आजच बदल. "लगेच रुजू होऊ शकते" हेही टाक, अकाउंट्सच्या जागा बहुतेक वेळा आधीचा माणूस सोडून गेल्यावरच निघतात आणि मालक घायकुतीला आलेले असतात.

दुसरं, नुसतं "जीएसटी" लिहू नकोस. आमच्या पोरी शोधताना शब्द टाकतात: जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), ३बी (कर भरायचं रिटर्न), २बी (सप्लायरांनी चढवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवणी, टीडीएस रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, ई-वे बिल. जे केलं असशील ते त्याच नावानं लिही. निळ्या पट्ट्या काढ, पोर्टलचं सॉफ्टवेअर त्या दोन रकान्यांची खिचडी करतं. आणि फाइलचं नाव "बायोडेटा फायनल न्यू २" असेल तर तेही बदल. हसू नका, दिवसाला पाच येतात.

भोसरीकर

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. भोसरीत एका मशीन शॉपचं अकाउंट्स बघतो, साठ-पासष्ट माणसांचा कारखाना. गेल्या दिवाळीनंतर सहायक हवा होता, १८० अर्ज आले. १८० जणांना टॅली येतं, १८० जण मेहनती आणि प्रामाणिक. एमएस-सीआयटी तर महाराष्ट्रात कुणाकडे नाही ते सांगा.

बोलावलेल्या नऊ जणांना मी एकच कागद दिला. सल्लागाराचं बिल, फी १ लाख, त्यावर १८% जीएसटी, एकूण १,१८,०००. टीडीएस १०%. किती कापाल, आणि त्याच्या हातात किती द्याल? पाच जणांनी ११,८०० कापले. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर, म्हणजे १०,००० कापायचे आणि १,०८,००० द्यायचे. हे २०१७ च्या परिपत्रकापासून असंच आहे. त्या पाचातल्या दोघांच्या बायोडेटात "टीडीएस तज्ज्ञ" होतं.

तर कोर्सचं नंतर बघू. तुम्ही मला एक सांगा. त्या अकरा क्लायंटांपैकी एकाचा तरी पैसा तुमच्यामुळे वाचलाय का? नाव नको, प्रसंग सांगा.

कृष्णाकाठची

काका, वाचलाय म्हणजे... माझं कामच होतं ते. पण सांगते.

कुपवाडच्या एका क्लायंटचा बेळगावला डेपो आहे, म्हणून त्यांचे दोन जीएसटी नंबर. इथला २७ ने सुरू होणारा, तिथला २९ ने. राजकोटच्या एका बेअरिंगवाल्याचं फेब्रुवारीचं बिल, माल ३,४०,००० चा, आयजीएसटी (परराज्यातल्या मालावरचा जीएसटी) ६१,२००. ते २बी मध्ये दिसेचना. आधीच्या मुलाने "सप्लायरने रिटर्न भरलं नाही" असा शेरा मारून ठेवलेला. २बी मध्ये नसेल तर क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, म्हणून ते तसंच पडून.

ऑक्टोबरमध्ये जुनी बाकी काढायला बसले. त्या माणसाचं रिटर्न भरल्याची तारीख पोर्टलवर बघितली तर वेळेत भरलेलं. मग आमचं बिल गेलं कुठे? कागदावर नंबर २७ चाच. सहज म्हणून बेळगावची २बी उघडली, आणि तिथे पठ्ठ्या बसलेला! कागद बरोबर छापला होता, पोर्टलवर चढवताना २९ चा नंबर टाकला होता. राजकोटला फोन केले, पहिले दोन दिवस "भाई जोई लईश" (बघतो भाऊ) चाललं. तिसऱ्या दिवशी मीच चुकीची ओळ आणि बरोबर ओळ अशा दोन्ही टाइप करून त्यांच्या अकाउंटंटला पाठवल्या. त्याने ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केली, १४ नोव्हेंबरच्या २बी मध्ये ते आमच्याकडे आलं, आणि २० तारखेच्या ३बी मध्ये घेतलं. ३० नोव्हेंबर उलटली असती तर आदल्या आर्थिक वर्षाचं ते क्रेडिट कायमचं गेलं असतं.

सर "बरं झालं" म्हणाले आणि पुढची फाइल दिली.

भोसरीकर

मग हे बायोडेटात कुठे आहे??

चार वेळा वाचलं मी. ६१,२०० रुपये! तुम्ही किती पगार मागताय? पंचवीस हजार धरला तर अडीच महिन्यांचा पगार एका दुपारी वसूल. आणि "प्रॅक्टिसचा अनुभव" याचा उलटा अर्थ सांगायला शिका: कारखान्यातला माणूस एका कंपनीच्या चुका बघतो, तुम्ही अकरा कंपन्यांच्या बघितल्यात.

डेबिट_क्रेडिट

काकांशी सहमत, फक्त एक भर. हा प्रसंग बायोडेटात गोष्टीसारखा नको, दोन ओळीत बसवा. उदा. "११ क्लायंटची दरमहा २बी जुळवणी. चुकीच्या राज्याच्या नोंदणीवर गेलेलं ६१,२०० चं क्रेडिट शोधून मुदतीत परत मिळवलं." बस. गोष्ट मुलाखतीत विचारतील तेव्हा.

आणि अशा दोन-तीन तरी हव्यात. अजून आठवा.

कृष्णाकाठची

तिमाही रिटर्नवाल्यांची एक यादी केली होती. पाच कोटींच्या आत उलाढाल असलेले बरेच सप्लायर तीन महिन्यांनी एकदा जीएसटीआर-१ भरतात. मधल्या दोन महिन्यांची बिलं त्यांनी १३ तारखेपर्यंत वेगळी चढवली नाहीत तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. आमच्याकडे दर महिन्याला त्यांना उगाच फोन जायचे, भांडणं व्हायची. मी सप्लायरांच्या मूळ यादीत प्रत्येकापुढे "मासिक / तिमाही" असा रकाना घातला. फोन निम्म्याने कमी झाले.

दुसरं एक्सेलचं. व्हीलूकअपने (दोन याद्या जुळवायचं सूत्र) बिलं जुळायची नाहीत, कारण आमच्याकडे "१२", त्यांच्याकडे "००१२/२४-२५". पुढची शून्यं, स्लॅश आणि त्यापुढचं वर्ष, मधली मोकळी जागा काढून दोन्हीकडे सारखा नंबर तयार करणारा एक रकाना बनवला होता. जे काम दोन दिवस चालायचं ते जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकायला लागलं. पण हे सांगण्यासारखं आहे का? सगळेच करत असतील.

डेबिट_क्रेडिट

सगळे करत नाहीत हो ताई. मी सीए फर्ममध्ये आहे, आमच्याकडे अजून पट्टी धरून ओळी जुळवणारे आहेत.

एक करा. ती एक्सेल शीट एका पानावर छापा आणि मुलाखतीला घेऊन जा. "काय येतं" विचारलं की पुढे सरकवा. बोलायचीच गरज नाही.

फाइलवाली

थांबा थांबा. क्लायंटचा डेटा घेऊन मुलाखतीला? अजिबात नको. मागे एक मुलगा नावांवर काळी रेघ मारून प्रिंट घेऊन गेला होता, खालून जीएसटी नंबर दिसत होते. मालकाने मलाच फोन केला: "उद्या हा माझे आकडे शेजारच्या कारखान्यात दाखवेल." विषय संपला.

भोसरीकर

बरोबर. मीही उठवलाच असता. स्वतः बसून खोट्या नावांचं, खोट्या आकड्यांचं नमुना शीट करा. १५-२० बिलं पुरे, त्यात मुद्दाम चार प्रकारचे घोळ पेरा: एक नंबरात शून्यं असलेलं, एक तिमाहीवालं, एक दुसऱ्या राज्यात गेलेलं, एक रकमेत फरक असलेलं. पुढे शेवटच्या रकान्यात "काय करायचं" आणि "कधीपर्यंत". आम्हाला चूक सापडणं जेवढं हवं असतं त्याहून जास्त तो शेवटचा रकाना हवा असतो.

कारखान्याच्या मुलाखतीला जाताना आणखी एक तयारी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं वेळेत दिली नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत बाकीच राहिली तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरत नाहीत, २०२३-२४ पासूनचं हे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. माझ्या मालकाची मार्चमध्ये झोप उडते यापायी. "सप्लायरांपैकी उद्यम नोंदणीवाले कोण, याची यादी आहे का तुमच्याकडे?" एवढा एक प्रश्न तुम्ही उलट विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा. (उद्यम म्हणजे या छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. यादी नसते. माझ्याकडेही नव्हती.)

सॅपचा कोर्स सध्या राहू द्या. छोट्या-मध्यम कारखान्यांत टॅलीच आहे. मोठ्या कंपनीत शिरायचं असेल तेव्हा बघा.

निवांत_पुणेकर

पुतण्याला धागा पाठवला. त्याच्या प्रोफाइलवर शहर "लातूर" निघालं.

कृष्णाकाठची

धागा वर काढतेय, सोळा दिवसांनी.

शहर बदललं त्या आठवड्यात सहा फोन आले. आधी अडीच महिन्यांत चार! बायोडेटा एका पानाचा केला, त्यातला फोटो काढून टाकला, "मेहनती, प्रामाणिक" काढताना उगाच वाईट वाटलं. अकरा क्लायंट, ६१,२००, तिमाहीचा रकाना आणि जुळवणीचं शीट, चार ओळी वर घेतल्या.

काल पिरंगुटला एका कारखान्यात मुलाखत झाली. अकाउंट्सचे साहेब आधी मोबाइलमध्येच होते. नमुना शीट पुढे ठेवलं तर चष्मा वर करून वाचायला लागले, आणि दुसऱ्या राज्यात गेलेल्या बिलाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कसं सुचलं?" मग राजकोट सांगितलं. गुजरातीतल्या वाक्यासकट. ते हसले. मग उद्यमच्या यादीचं विचारलं, काका, अगदी तुम्ही म्हणालात तसा चेहरा झाला.

मूलबाळाचा प्रश्न इथेही आलाच. या वेळी "त्याचं आम्ही ठरवू सर, तुमची २बी १४ तारखेला लागते ना?" असं म्हणून टाकलं. तोंडातून निघून गेलं, मग घरी येईपर्यंत धडधडत होतं.

नोकरी अजून पक्की नाही. शनिवारी दहाला पुन्हा बोलावलंय, त्यांच्या गेल्या महिन्याच्या जुळवणीवर एक तास बसवणार आहेत. पगाराचं तेव्हाच बोलू म्हणाले. मी सांगलीत १४,००० वर होते, ते इथे सांगू की नको?

भोसरीकर

विचारलं तर खरं सांगा, तिथे खोटं बोलू नका, पगारपत्रक मागतात. पण आकडा स्वतःहून आधी तुम्ही काढू नका. आणि शीटवर बसवतील तेव्हा पहिली पाच मिनिटं काही टाइप करू नका, नुसतं बघा. जीएसटीच्या किती नोंदण्या आहेत ते विचारा.

कृष्णाकाठची

बरं काका. चांदणी चौकातून पिरंगुटला सकाळी कुणी जातं का? परवा बसमध्ये उभी होते तासभर, शनिवारी तरी चुरगळलेल्या ड्रेसमध्ये पोहोचायचं नाहीये.