ओव्हनला एमसीबी किती अँपिअरचा लावायचा?

पोळपाट:
नवीन बिल्ट-इन ओव्हन बसवलाय, मागच्या पट्टीवर 3100 वॅट लिहिलंय. 16 अँपिअरच्या पॉइंटवर आहे, पण इंडक्शनचा पॉइंटपण त्याच लाइनवर निघाला आणि दोन्ही चालू असले की दहा-पंधरा मिनिटांनी एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) पडतो, केक मधोमध कच्चाच. वायरमन म्हणतो 32 चा टाकतो, मग पडणारच नाही. टाकू का?

तारकुटे:
अजिबात नको!! पडणार नाही हे खरंय, वायर जळेल पण तो पडणार नाही. एमसीबी ओव्हनसाठी नसतो हो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. 3100 भागिले 230 म्हणजे साडेतेरा अँपिअर, इंडक्शन 2000 वॅटचा धरला तर अजून पावणेनऊ, झाले बावीस. एवढ्यावर 16 चा झटकन नाही पडत, आतली पट्टी तापून वाकते मग पडतो, म्हणून तुम्हाला ती दहा-पंधरा मिनिटं मिळतायत. वायर किती एमएमची आहे?

पोळपाट:
2.5 स्क्वेअर एमएम.

तारकुटे:
मग 16 च राहू द्या. ओव्हनला डीबीपासून (घरातल्या मेन बोर्डपासून) वेगळी 4 स्क्वेअर एमएमची लाइन ओढा. प्लगवर ठेवणार असाल तर तिलाही 16 चाच, सॉकेटच 16 चं आहे ना. 20 चा हवा तर सॉकेट काढून 20 अँपिअरचा डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) लावून थेट जोडा, मॅन्युअलमध्ये काय म्हटलंय तेही बघा.

फ्यूजउडव्या:
दुकानदार न विचारता सी कर्व्हचा एमसीबी देतो, पण ओव्हनच्या कॉइलला बी पुरतो. शॉर्ट झाल्यावर बी त्याच्या रेटिंगच्या 3 ते 5 पट करंटला उडतो, सी ला 5 ते 10 पट लागतो. आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा) आहे का? एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. पावसाळ्यात ओव्हन बंद पडून राहिला की कॉइलमध्ये ओलावा शिरतो आणि आरसीसीबी पडायला लागतो, तेव्हा लोक सरळ तो बायपास करतात, तसलं काही करू नका, कॉइल तपासून घ्या.

पोळपाट:
आरसीसीबी आहे. पण नवीन लाइनला टाइल्स फोडाव्या लागतील म्हणतोय, केसिंग-कॅपिंगने बाहेरून नेली तर?

तारकुटे:
चालेल की. फक्त शेगडीच्या वरून नको, आणि अर्थिंगची हिरवी वायर सोबत ओढलीय का ते उभं राहून बघा, घाईत नेमकी तीच राहते.