मदत हवी आहे: अक्षांश-रेखांशाचे पॉइंट ऑटोकॅडमध्ये कसे आणायचे?

मंडळी, ग्वाल्हेरच्या रोड सर्व्हेचे दीड हजार पॉइंट एक्सेलमध्ये आहेत, डेसिमल डिग्रीत, डब्ल्यूजीएस 84 (जीपीएसची अक्षांश-रेखांश पद्धत), सोबत पॉइंट नंबर आणि लेव्हल (उंची). ऑटोकॅड एलटी 2021 आहे म्हणजे लिस्प (ऑटोकॅडची प्रोग्रॅमिंग भाषा) चालत नाही, सिव्हिल थ्रीडीचं (सर्व्हे-रस्त्यांच्या कामाचं ऑटोकॅड) बजेट नाही. डिग्री तशाच स्क्रिप्टने टाकल्या तर सगळे एका ठिपक्यात बसतात, म्हणून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन 44 (6-6 अंशांच्या पट्ट्यांची, मीटरमधली पद्धत) करून लेयर डीएक्सएफ या ऑटोकॅडला चालणाऱ्या फाइलमध्ये सेव्ह केला, अंतरं नीट आली पण नंबर आणि लेव्हल गायब. शिवाय झोनची हद्द 78 अंश रेखांशावर आहे, शहर तिच्या पूर्वेला आणि मोहना गावाकडचे पॉइंट पश्चिमेला, म्हणजे झोन 43. ड्रॉइंग एकच लागतंय. तर सगळे 44 मध्येच ठेवले तर लांबीत कितपत फरक पडेल, आणि नंबर-लेव्हल टेक्स्ट म्हणून पॉइंटशेजारी कसे आणायचे?