बेझिलची रोपे उगवतात आणि दोन आठवड्यांत आडवी पडतात: नेमके काय चुकत असावे?

प्रश्न

नमस्कार. घरच्या बागेसाठी बियांपासून बेझिल (स्वयंपाकात वापरली जाणारी, तुळशीच्या जातीची सुगंधी वनस्पती) लावण्याचा हा माझा दुसरा प्रयत्न आहे आणि दोन्ही वेळा रोपे एकाच टप्प्यावर गेली. बी रात्रभर भिजवून ठेवले, बागेतली माती आणि शेणखत निम्मे-निम्मे मिसळून कुंडी भरली, त्यावर बी फोकले आणि वरून मातीचा पातळ थर दिला. सहाव्या दिवसापासून रोपे अगदी दाट उगवली. कुंडी खिडकीच्या आतल्या बाजूस ठेवून मी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते. बाराव्या दिवशी पाहते तो एका कोपऱ्यातली सगळी रोपे आडवी झालेली, पाने मात्र हिरवीगार. उरलेली रोपे उंच, बारीक आणि फिकट आहेत. ती वाचवता येतील का, आणि नव्याने पेरायचे झाल्यास कोणती काळजी घ्यावी?

उत्तर 1

आडवे पडलेले एक रोप हलकेच उचलून त्याचे खोड मातीला टेकते ती जागा पाहा. तिथे ते दोऱ्यासारखे बारीक, तपकिरी आणि पिचल्यासारखे दिसत असेल, तर हा रोपे कोलमडण्याचा रोग, म्हणजेच रोपमर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे जमिनीतले रोगकारक सततच्या ओलीत कोवळ्या खोडावर हल्ला करतात; खोड कुजते, पण पानांत पाणी शिल्लक असल्याने ती काही काळ हिरवी राहतात आणि म्हणूनच रोप अचानक गेल्यासारखे वाटते.

बेझिलच्या बाबतीत जास्त ओल देण्याची चूक फार सहज होते, कारण त्याचे बी पाण्याचा स्पर्श होताच काही मिनिटांत फुगते आणि त्याभोवती निळसर-करडे, बुळबुळीत आवरण तयार होते. उगवणीपुरती ओल बी स्वतःभोवतीच धरून ठेवते, म्हणून त्याला आधी भिजवण्याची गरज नसते. शिवाय भिजलेले बी एकमेकांना चिकटते, त्याचे गोळे पडतात आणि तुमच्याकडे झाली तशी दाटी होते. कोरडे बी दोन बोटांच्या चिमटीतून विरळ सोडावे, वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरावी आणि ती तळहाताने हलकेच दाबावी. 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानात साधारण पाच ते दहा दिवसांत उगवण होते.

रोपांसाठी शेणखत निम्मे घालणे मला योग्य वाटत नाही. ते पुरते कुजलेले नसेल तर अपायच अधिक होतो, आणि बीजपत्रांच्या (बियातून सर्वांत आधी निघणाऱ्या दोन पानांच्या) अवस्थेत रोपाला बाहेरच्या खताची फारशी निकडही नसते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे कण) यांसारखे हलके, निचरा होणारे माध्यम घ्या आणि जुनी कुंडी वापरायची असल्यास ती घासून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या. पाणी घड्याळ पाहून न देता वरचा थर सुकू लागल्यावरच द्यावे, तेही शक्यतो सकाळी आणि खालून: कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची, वरची माती ओलसर दिसू लागली की लगेच बाहेर काढायची. माध्यमात वाफसा (हवा खेळती राहील इतपतच ओल) हवा, चिखल नको.

उत्तर 2

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त उंच आणि फिकट रोपांचे कारण निराळे आहे. ती उजेडासाठी ताणली गेली आहेत. खिडकीच्या आतला उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण बेझिलला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागते. मात्र आत वाढलेली रोपे एकदम प्रखर उन्हात ठेवू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवत आठवडाभरात पूर्ण उन्हात न्या. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जात असेल तर ती रात्री आत घ्यावीत, कारण थंडीने पाने काळी पडतात.

प्रश्नकर्ती

खोड अगदी तसेच, मातीलगत पिचलेले आहे. उभ्या असलेल्या रोपांपैकी नऊ बऱ्या स्थितीत दिसतात. अर्धचंद्रासारख्या पहिल्या दोन पानांच्या मधून चकचकीत पानांची एक जोडी आली आहे आणि ती चोळल्यास वासही येतो. ही रोपे आताच हलवावीत का?

उत्तर 1

एरवी मी खऱ्या पानांच्या (बीजपत्रांनंतर येणाऱ्या पानांच्या) दोन-तीन जोड्या येईपर्यंत थांबायला सांगितले असते, पण रोगट मातीत एक-एक दिवस धोक्याचा आहे, तेव्हा हलवाच. रोप खोडाला धरून उचलू नका, पानाला धरा; पान गेले तर दुसरे येते, खोड दुखावले तर रोपच जाते. उंच झालेली रोपे बीजपत्रांच्या जरा खालपर्यंत मातीत गेली तरी चालतात, मात्र खोड स्वच्छ आणि टणक असेल तरच. एका लहान कुंडीत एकच रोप लावा. पुढे वाफ्यात लावताना दोन रोपांत 20 ते 30 सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे हवा खेळती राहील. आडवी पडलेली रोपे भोवतालच्या मातीसकट काढून टाका.

उत्तर 3

पुढच्या टप्प्याविषयी थोडेसे. रोप साधारण 15 सेंटीमीटरचे झाले की शेंडा पानांच्या जोडीच्या अगदी वर खुडावा. बेझिलची पाने समोरासमोर येतात आणि प्रत्येकाच्या बगलेत एक डोळा (नव्या फांदीचा अंकुर) असतो. शेंडा गेला की ते दोन्ही डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात. पुष्कळ जण जिवापाड वाढवलेले रोप खुडायला कचरतात आणि खालची मोठी पाने तोडत राहतात, त्यामुळे झाड उंच, उघडे होते आणि लवकर फुलावर येते. कळ्या दिसताच त्याही खुडा, कारण फुलोरा आला की नवी पाने कमी होतात आणि स्वादही बदलतो. खुडलेला शेंडा दहा सेंटीमीटरचा असेल तर खालची पाने काढून पाण्यात उभा करा. एक-दोन आठवड्यांत त्याला मुळे फुटतात आणि बी न पेरता दुसरे रोप मिळते.