बाळाला अंगठा नाही, डोक्याचा आकारही वेगळाय, कुणाला अनुभव आहे का?

तासगावची आत्या
माझ्या भावाचं बाळ सात आठवड्यांचं आहे. कपाळ उंच न् चपटं, डोळे बाहेर आल्यासारखे, उजव्या हाताला अंगठाच नाही आणि डावीकडं आहे तो नुसता दोऱ्याला लोंबल्यासारखा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पण आखूड. मिरजेच्या डॉक्टरांनी बॅलर-जेरॉल्ड सिंड्रोम असेल म्हणून जीन टेस्ट सांगितलीय. पण घरात वेगळंच चाललंय, आई म्हणते वहिनीनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. वहिनी म्हणजे माझ्या मामाचीच मुलगी, दोन दिवस नीट जेवली नाहीये. बाळ पुढं हातानं काही धरू शकेल का? आणि घरचे म्हणतात डोक्याचं ऑपरेशन वर्षभरानं बघू, चालेल का तसं?

कोरेगावकर
ताई वर्ष अजिबात घालवू नका. आमच्या मुलीला हेच आहे, तिचं डोक्याचं पाचव्या महिन्यात केलं. कवटीचे सांधे आधीच जुळलेले असतात न् आत मेंदू वाढत असतो, त्याला जागा लागते हो. हाताचं नंतर, दीड वर्षाची असताना तर्जनीच वळवून अंगठ्याच्या जागी बसवली. आधी भाकरीचा तुकडा दोन बोटांच्या बेचक्यात धरायची, वरणात बुडवला की सुटायचा न् रडायची. आता चार वर्षांची आहे, फ्रॉकचं बटण स्वतः लावते, वेळ लागतो पण आम्ही मधे हात घालत नाही.

वॉर्डातली सिस्टर, सातारा
पहिलं म्हणजे ग्रहणाचा काही संबंध नाही. हा आरईसीक्यूएल४ नावाच्या जीनमधला बिघाड, आई आणि बाबा दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो, आणि दोघं स्वतः ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी लग्न झालं की एकच बिघाड दोघांकडं असायची शक्यता वाढते, यात एकट्या वहिनीला बोलायचं कारणच नाही. टेस्टमधे हेच निघालं तर पुढच्या प्रत्येक वेळी 25 टक्के शक्यता, म्हणून दुसऱ्या बाळाआधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटाच. फॅन्कोनी अॅनिमिया नावाच्या रक्ताच्या जन्मजात आजारातही अंगठा असा असू शकतो, त्याची रक्ततपासणी झाली का विचारा. वहिनीला दिवस असताना फिटसाठी व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानंही असंच दिसू शकतं. बाळ सारखं उलट्या करायला लागलं, टाळू फुगली किंवा दूध प्यायलाही उठेना तर रात्र असो काही असो लगेच न्या. आणि उन्हापासून जपा, या मुलांच्या कातडीवर पुढं डाग येऊ शकतात, कॅन्सरचा धोकाही जास्त असतो.

पलूस
मी दोन्ही वेळी ग्रहणात भाकऱ्या थापल्या, मुलं धडधाकट आहेत. वहिनीला आधी जेवायला घाला.

तासगावची आत्या
सगळ्यांचे आभार. सिस्टरचं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, गप्प बसली, मग वहिनीचं ताट स्वतः वाढून घेऊन गेली. सोमवारी मिरजेला जातोय. एकच विचारायचं राहिलं, आई रोज बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरते, ते पण बंद करायचं का?

वॉर्डातली सिस्टर, सातारा
हो, रिपोर्ट येईपर्यंत बंदच ठेवा. व्हिटॅमिन डीचे थेंब सोमवारी डॉक्टरांना विचारून घ्या.