समुद्र वर्षाला ३-४ मिलिमीटर वाढतो, मग एवढी बोंब कशाला?

खारावारा:
सिरियसली विचारतोय, ट्रोल नाहीये. भरती-ओहोटीला पाणी रोज मीटर-दोन मीटर वरखाली होतं आणि ओरड चाललीये मिलिमीटरची. किनाऱ्यावर राहणाऱ्याला यानं काय फरक पडतो? आणि ग्लासातला बर्फ वितळला तर पाणी वर येत नाही, मग समुद्राचंच कसं काय येतं?

पाणकावळा:
ग्लासाचं बरोबर आहे, पण ते तरंगणाऱ्या बर्फापुरतं. ग्रीनलँड-अंटार्क्टिकाची हिमचादर जमिनीवर बसलीये, ती वितळली की समुद्रात नवीन भर पडते. शिवाय वातावरणात अडकलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानेच गिळलीये, आणि पाणी तापलं की फुगतं.
आता मिलिमीटरचं. १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी पातळी साधारण २० सेंमी वाढली, म्हणजे जवळपास एक वीत. बांध, धक्के, गटारांची तोंडं सगळं जुन्या उधाणाच्या हिशोबाने बांधलेलं, पाणी काठाच्या वीतभर खाली येऊन थांबायचं तिथे आता ती वीतच उरली नाही, वर वादळ आलं की त्याची लाट याच वाढलेल्या पाण्यावर स्वार होऊन आत घुसते. त्यामुळे सरासरी बघत बसू नकोस, उधाण बघ.

गोडंपाणी:
+१. पण पुराचे फोटो तरी येतात, विहिरींचे कोण काढतं? सखल बेटांवर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली ४० मीटरपर्यंत गोडं. म्हणजे वरचं थोडं कमी झालं तरी खालचं धडाधड जातं. तुवालू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशात लोक खड्डे खणून अळूच्या जातीचं एक कंदपीक लावतात, त्या खड्ड्यांतच खारं पाणी यायला लागलंय. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला, वर्षाला २८० जणांना तिकडे जाऊन राहता येईल असा. घर बुडायच्या आधी प्यायचं पाणी संपतं रे.

उलटतपासणी:
सगळं क्लायमेटवर ढकलू नका हं. जकार्ता मुख्यतः भूजल उपसल्यामुळे खचतंय.

पाणकावळा:
@उलटतपासणी खरंय, तिथे जमीन खचायचा वेग समुद्र वाढण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण म्हणून समुद्र थांबत नाही ना, दोन्ही एकावर एक चढतात.

डोलकाठी:
तुम्ही सगळे पातळीवरच अडकलात. मासेमारी करणाऱ्याला आधी बसतो तो तापमानाचा फटका. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे ध्रुवांकडे नाहीतर खोल सरकतात, मोठा ट्रॉलर मागे जाईल हो, छोट्या होडीवाल्याने डिझेल कुठपर्यंत जाळायचं? प्रवाळांचंही तेच, ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ (प्रवाळांची लांबच लांब रांग) २०१६ ला पाणी तापून पांढरी पडली आणि सावरायच्या आत २०१७ ला परत. मासे वाढायची जागाच ती, आणि लाटा अडवणारी भिंत पण तीच.

खारावारा:
ओके, पटतंय. मग बांध उंच केले की भागणार नाही का?

गोडंपाणी:
काही ठिकाणी भागतं, नेदरलँड्स करतंच आहे, पैसा नि पंप दोन्ही आहेत. मायामीत मात्र खाली सच्छिद्र चुनखडी आहे, भिंत कितीही उंच बांधा, पाणी खालून येतं.