किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी: ज्यू घरातल्या मुलांचे अनुभव

माझा मुलगा सहावीत आहे. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. सोसायटीत ज्यू घर आमचं एकच. मित्र चांगले आहेत, कोणी कधी वेडंवाकडं बोललेलं नाही. ओढाताण होते ती तारखांची. हिब्रू पंचांग आणि मराठी पंचांग दोन्ही चंद्रावर चालतात आणि अधिक महिना धरून ऋतूंशी जुळवून घेतात. त्यामुळे आमचे मोठे सण कधी नवरात्रात येतात, कधी गणपतीत. 2021 मध्ये किप्पूर, म्हणजे आमचा कडक उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस, ऐन गणपतीत होता. 2024 मध्ये रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, घटस्थापनेलाच आलं आणि किप्पूर दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, तोही शनिवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी. खाली पोरं सोनं वाटत होती आणि हा पांढरा सदरा घालून दिवसभर सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात.

पोराला कशाला ‘नाही’ म्हणायचं आणि कशाला मुळीच म्हणायचं नाही, हे तुमच्या घरी कसं ठरलं, ते ऐकायचंय. ज्यू नसाल, पण वर्गात किंवा चाळीत असा मित्र होता, तर तुम्हीही लिहा.

पुणे, रास्ता पेठेत वाढलेली

आमच्या आईचा नियम एकच: पूजेत बसायचं नाही, बाकी सगळीकडे जायचं. मांडवातल्या नाटकात आम्ही कामं केली, आरतीच्या वेळी मागे उभ्या राहिलो. प्रसादाचं घरोघरी वेगळं असतं. आमच्याकडे तो मान देऊन हातात घ्यायचा आणि शेजारच्या मैत्रिणीला द्यायचा. तीही कधी ‘का गं?’ म्हणाली नाही.

होळीला मात्र प्रश्नच नसायचा. पुरीम बहुतेक वर्षी त्याच पौर्णिमेच्या आसपास येतो. आजीच्या पिढीत त्याला ‘होळीचा सण’च म्हणत. रात्री सिनेगॉगमध्ये ज्यूंना वाचवणाऱ्या एस्तेर राणीची कथा वाचायची, तिच्यातल्या दुष्ट हामानाचं नाव आलं की पाय आपटायचे, खुळखुळे वाजवायचे. मोठी माणसं एरवी ‘गप्प बसा’ म्हणायची, तीच त्या रात्री ‘अजून जोरात’ म्हणायची! दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. 2025 मध्ये पुरीम आणि धुळवड 14 मार्चला एकत्रच आले.

पनवेलचा, आता नोकरीनिमित्त नाशिक

मी हिंदू. आमच्या चाळीतला माझा जिवलग मित्र ज्यू होता. शुक्रवारी दिवेलागणीला त्याच्या आईची हाक आली की मॅच कितीही रंगात असो, तो चेंडू माझ्या हातात ठेवून जायचा. शनिवारी तो खेळायचाच नाही. त्याच्याइतका सरळ यॉर्कर आमच्यात कोणाला पडत नव्हता, म्हणून मोठ्या मॅचेस आपोआप रविवारी ठरायला लागल्या. त्याच्या आजोबांनी एकदा आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं की पूर्वी कोकणात त्यांच्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. आम्हाला त्याचा केवढा अभिमान वाटला, की आपल्या मित्राचा नियम इतका जुना आहे!

एका वर्षी आमच्याकडेही किप्पूर आणि दसरा एका दिवशी आले. दिवसभर आम्ही त्याच्या वाटची आपट्याची पानं वेगळी ठेवली होती. रात्री तो आला तेव्हा ओठ सुकलेले, आवाज बसलेला. त्याच्या आईनं काळ्या मनुकांचं सरबत केलं होतं. आधी त्याला दिलं, मग आम्हा सगळ्यांना, पितळी पेल्यांतून. मग त्यानं पानं घेतली आणि जिन्यात उभं राहून प्रत्येकाला सोनं दिलं.

अश्दोद, इस्रायल

इथे सगळं उलट. सणाला शाळाच बंद. किप्पूरला रस्त्यावर गाड्या नसतात, त्यामुळे पोरं भर रस्त्यात सायकली फिरवतात. ओढाताण होते ती वेगवेगळ्या ज्यू रीतींची. पेसाखला, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, आम्ही भात खातो, तांदळाची भाकरी करतो. मुलीची मैत्रीण अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपातल्या ज्यू घरातली, तिच्या घरी त्या दिवसांत तांदूळ वर्ज्य. ती येणार असली की मी फळं आणि उकडलेली अंडी काढून ठेवते. पेसाख संपला की रात्री मोरोक्कन शेजाऱ्यांकडे मिमूनाचा सण, दारं उघडी, गोडधोड, तिथे मात्र सगळी एकत्र.

मुंबई, शाळेत शिकवते

पालकांना एक विनंती. जूनमध्येच वर्गशिक्षकांना सणांच्या तारखा लिहून द्या आणि सण आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो हेही लिहा. आमच्या ते लक्षात येत नाही आणि आदल्या दुपारी सराव लावला जातो.

ठाणे, अकरावी

मी मुलगी आहे, बॅडमिंटन खेळते. आठवीत असताना निवड चाचणी शनिवारी होती. तारीख बदलून मिळाली नाही. मी गेले नाही. तो माझाच निर्णय होता, घरच्यांनी माझ्यावर सोडला होता, आणि मला तो आजही बरोबर वाटतो. पण वाईटही वाटतं, अजून. मित्रमैत्रिणी समजून घेतात म्हणून सगळं सोपं होत नाही. त्या दिवशी आई ‘पुढच्या वर्षी बघू’ असं काही बोलली नाही, दुपारभर माझ्याजवळ बसून राहिली. मला तेच हवं होतं.

अलिबागकडचा, वय सत्तरीच्या पुढे

मुलांना आपल्या सणातून मित्रांकडे कसं पाठवायचं हे सगळ्यांनी लिहिलं. मित्रांना आपल्या सणाला आणा की! ‘तू बिशवात’ला, म्हणजे झाडांच्या सणाला, अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यांच्या जागी आपले लोक जमतात. खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. मुलं त्या खुणांवरून बोटं फिरवतात. मलिदा होतो: भिजवलेले गोड पोहे, वर खवलेला नारळ, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. मंत्र हिब्रूत, गप्पा मराठीत. माझ्या लहानपणी आगरी, कोळी, मराठा मित्र बैलगाडीत आमच्याबरोबर असायचे.

धागा सुरू करणारी

आजोबा, मुलाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, चार मित्र आणले तर चालतील का?

अलिबागकडचा

आणा. आदल्या दिवशी कळवा फक्त, नारळ जास्त खवावे लागतील.